लघुपटाची सुरुवात दोन मिनिटांची हवी, झाली आहे चार मिनिटे चाळीस सेकंदांची : संकलनाबाबत मार्गदर्शन हवे

गिरणी_गट

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पत्रकारिता आणि जनसंज्ञापनाच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. या सत्रात आम्हा पाच जणांच्या गटाला एका लघुपटाची केवळ सुरुवात, श्रेयनामावलीसह दोन मिनिटांची, तयार करून सादर करायची आहे. पूर्ण लघुपट पुढील सत्रात करायचा असल्यामुळे ही दोन मिनिटे पाहून पुढचे पाहावेसे वाटले पाहिजे, एवढीच अट आम्हाला सांगितलेली आहे.

कथा अशी आहे. वडील गेल्यावर पुण्यातील नोकरी सोडून गावी आलेला मुलगा महिनाभराने वडिलांची पिठाची गिरणी पहिल्यांदा उघडतो. आत भिंतीलगत दळणाचे रिकामे डबे आहेत आणि त्यांच्यात एक पितळी डबा भरलेला आहे. वडिलांनी शेवटच्या दिवशी ते दळण दळून ठेवले होते, पण ते न्यायला कोणीही आलेले नाही. डब्यावर खडूने लिहिलेले नाव अर्धे पुसले गेले आहे. मुलगा झाकण उघडतो तेव्हा पिठाला जाळी धरलेली दिसते. हा डबा कोणाचा, या शोधातून पुढचा लघुपट घडतो.

आमच्या एका वर्गमित्राच्या काकांची गिरणी दोन दिवस मिळाली. चित्रीकरण आम्ही मोबाइलवर केले आणि एकूण तीन तासांहून अधिक फुटेज जमले. कच्च्या संकलनाचा सध्याचा क्रम असा आहे : पाण्याच्या टाकीवरून दिसणारे पहाटेचे गाव, देवळाचा कळस, एसटी, एसटीतून उतरणारा मुलगा, त्याचे गल्लीतून चालणे, कुलूप, रेडिओ, रेडिओवर लागलेले एक जुने मराठी चित्रपटगीत, मोटर सुरू होणे, दळण घेऊन आलेल्या एका आजींशी त्याचे बोलणे आणि शेवटी तो डबा. ही लांबी चार मिनिटे चाळीस सेकंद होते. आम्ही प्रत्येक शॉट थोडाथोडा छाटून पाहिला, तर सगळेच घाईचे वाटू लागले. टाकीवरचा शॉट काढावा, असे मला वाटते, परंतु तो घेण्यासाठी आमचा मित्र धुके मिळावे म्हणून सलग तीन पहाटे टाकीवर चढला होता. त्याच्यासमोर हा विषय काढणे मला जमलेले नाही.

याखेरीज तीन अडचणी आहेत. गिरणीतील ट्यूबलाइटखाली घेतलेल्या शॉटमध्ये चित्रावरून काळसर आडवे पट्टे सरकताना दिसतात. आजी आणि मुलगा यांचे बोलणे गिरणीच्या आवाजात जवळजवळ ऐकू येत नाही. ध्वनी आम्ही दुसऱ्या मोबाइलवर वेगळा घेतला होता, पण तो सुरुवातीला जुळवला तरी दोन-तीन मिनिटांच्या टेकमध्ये (एका सलग चित्रीकरणात) शेवटाकडे ओठांच्या मागे पडतो. सादरीकरणाला सतरा दिवस उरले आहेत. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

संकलक_नाशिक

तुमची कथा वाचून मला आनंद झाला, कारण तुमच्याजवळ एक खरी वस्तू आहे. पितळी डबा, पुसट झालेले खडूचे नाव आणि जाळी धरलेले पीठ या तीन गोष्टींत एक माणूस गेल्याचे, काळ लोटल्याचे आणि काहीतरी अपुरे राहिल्याचे एकही वाक्य न उच्चारता कळते. तुमची अडचण लांबीची नसून क्रमाची आहे, असे मला वाटते. जी वस्तू प्रेक्षकाला प्रश्न पाडणार आहे, ती तुम्ही चौथ्या मिनिटानंतर दाखवता आणि त्याआधीची सगळी मिनिटे तो पुण्याहून आला, गाव असे आहे, पहाट आहे, हे सांगण्यात खर्च करता. ही माहिती खरी असली, तरी ती कोणी विचारलेली नाही. अनुत्तरित प्रश्न मनात असलेला प्रेक्षक गाव, एसटी आणि गल्ली पुढे कधीही आनंदाने पाहील, परंतु तो प्रश्न पडण्यापूर्वी तेच शॉट त्याच्यासाठी केवळ देखावा असतात.

म्हणून प्रत्येक शॉट छाटू नका, पूर्ण शॉट काढा. दहा शॉट प्रत्येकी निम्मे केले की दहाही शॉट दमलेले दिसतात, आणि तुम्हाला जी घाई जाणवली ती त्यातूनच आलेली आहे. त्याऐवजी पाच शॉट काढून उरलेल्या पाचांना त्यांचा पूर्ण श्वास द्या. माझ्या मते सुरुवात कुलपापासून व्हावी. कुलूप उघडणाऱ्या हाताला किल्ली नेमकी कोणती हे ठाऊक नसेल आणि तो जुडग्यातील दुसरी, मग तिसरी किल्ली लावून पाहत असेल, तर हा माणूस या जागेचा असूनही तिला परका झाला आहे, हे आठ-दहा सेकंदांत कळेल. एसटी, थांबा आणि गल्लीतील चालणे ही तिन्ही कामे तो एक शॉट करतो. तसा शॉट तुमच्याकडे नसेल तर तो जरूर घ्या. त्याला गिरणी सुरू असण्याची गरज नाही, सकाळचा एक तास पुरेल.

डब्याबाबत एक गोष्ट सांगतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी इवान मोझुखिन या अभिनेत्याचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपाच्या वाटीशी, तर कधी शवपेटीशी जोडून दाखवला आणि पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यात कधी भूक, तर कधी दुःख दिसले. तुमचा अभिनेता वर्गमित्र आहे, कसलेला नट नाही. त्याला दुःखाचा अभिनय करायला लावू नका. डबा दाखवा, मग त्याचा शांत चेहरा दाखवा आणि पुन्हा डबा, या वेळी जवळून, पुसट खडूच्या अक्षरांसह दाखवा. दुःख प्रेक्षक स्वतः भरून घेईल.

तुम्ही विचारलेले नाही, पण संवाद असलेल्या दृश्यात हमखास होणारी एक चूक तपासून पाहा. आजी आणि मुलगा समोरासमोर बोलत असतील तर एकाने पडद्याच्या उजवीकडे आणि दुसऱ्याने डावीकडे पाहिले पाहिजे. दोघांच्या मधून जाणारी एक काल्पनिक रेषा धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवला तरच हे घडते. रेषा ओलांडली गेली असेल तर दोघेही एकाच दिशेने, तिसऱ्याच कोणाकडे तरी पाहत आहेत, असे वाटेल. तसे झाले असल्यास दोन शॉटच्या मध्ये वजनकाट्याचा अगदी समोरून घेतलेला शॉट ठेवा, म्हणजे दिशेचा संबंध तुटतो आणि धक्का बसत नाही. काट्याचे पारडे हलताना घेतलेत तर तो नुसता दुवा न राहता दृश्याचा भागच होईल.

मात्र अशा जुळणीपायी चांगला टेक सोडू नका. एका शॉटमध्ये बाहीवर पीठ आहे आणि पुढच्यात नाही, यासारखे दोष विद्यार्थी तासन्‌तास शोधत बसतात. अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च यांनी कट कुठे द्यावा, म्हणजे एक शॉट तोडून दुसऱ्यावर कधी जावे, याच्या सहा कसोट्या सांगितल्या आहेत आणि त्यांना महत्त्वानुसार टक्केही दिले आहेत. त्यांत भावनेला ५१ टक्के आहेत आणि जागेतील तंतोतंत सलगतेला अवघे ४. बाहीवरचे पीठ त्या चार टक्क्यांत मोडते.

तीन तासांच्या फुटेजविषयी थोडे अवांतर लिहितो. आम्ही ३५ मिलिमीटर फिल्मवर शिकलो तेव्हा हजार फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) गतीने सुमारे अकरा मिनिटे चालायचे आणि त्या प्रत्येक फुटाला पैसे पडायचे. त्यामुळे कोणता शॉट कशासाठी हे कॅमेरा सुरू होण्याआधी ठरलेले असे. आता ते ठरवणे संकलनाच्या टेबलावर येऊन पडले आहे, एवढाच फरक आहे. प्रत्येक शॉटचे नाव एकेका चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठ्या जमिनीवर मांडा आणि संगणक बंद ठेवून अर्धा तास पाचही जणांनी मिळून क्रम बदलून पाहा.

ध्वनी_ताई

मी गेली काही वर्षे माहितीपटांसाठी ध्वनिमुद्रण करते, म्हणून तुमच्या तीन तांत्रिक अडचणींवर लिहिते.

पट्ट्यांचे कारण विजेत आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना ते जाणवत नाही, परंतु मोबाइलचे शटर, म्हणजे एकेक चौकट टिपायला लागणारा वेळ, १/६० सेकंद किंवा त्यासारख्या न जुळणाऱ्या वेळेवर असेल तर चित्राचे काही पट्टे उजळ आणि काही काळसर टिपले जातात. शटर १/५० किंवा १/१०० वर पक्के केले की पट्टे जातात. मोबाइलच्या मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसेल, तर हाताने नियंत्रण देणारे कॅमेरा-अ‍ॅप घ्या, ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे त्यांपैकी एक मोफत मिळते. झालेल्या शॉटमधील पट्टे संकलनात पुसण्याचा खटाटोप करू नका, त्यातील अत्यावश्यक शॉट तेवढे पुन्हा घ्या. दिवसा दाराच्या उजेडात घेतलेत तर बहुधा अधिक देखणे येतील, कारण गिरणीच्या हवेत उडणारे पीठ तिरप्या उन्हातच दिसते.

ध्वनी मागे पडण्याचे कारण असे की पुष्कळ मोबाइल सेकंदाला ठरलेल्या ३० चौकटी नेमाने टिपत नाहीत. उजेड कमी झाला किंवा मोबाइल तापला की चौकटींची संख्या बदलते आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरचा हिशेब चुकतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून सर्व फुटेज चौकटींच्या स्थिर दराने रूपांतरित करून घ्या आणि सॉफ्टवेअरमधील टाइमलाइनही (जिच्यावर शॉट क्रमाने मांडतो ती पट्टी) त्याच दराची ठेवा. पुढच्या वेळी प्रत्येक टेकच्या आरंभी आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवा. दोन टाळ्या जुळल्या की मधले आपोआप जुळते, आणि जुळले नाही तर घसरण किती आहे हे लगेच कळते.

आता संवाद. चालू गिरणीत घेतलेले बोलणे सॉफ्टवेअरने सोडवून काढायचा प्रयत्न केलात तर आवाज पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा होतो, कारण गिरणीचा आवाज आणि माणसाचा आवाज बऱ्याच अंशी एकाच पट्टीत असतात. चित्रपटात गोंगाटातील संवाद सहसा गोंगाट बंद ठेवून घेतले जातात आणि गोंगाट नंतर वेगळा मिसळला जातो. मात्र गिरणी बंद असली तरी नटांनी ती सुरू आहे असे समजून उंच आवाजात, थोडे पुढे वाकून बोलले पाहिजे. हे विसरले की सगळे खोटे वाटते. तुमच्या झालेल्या दृश्यासाठी आजींना त्यांच्याच घरी, भिंतीलगत आणि जमिनीवर गोधड्या लावलेल्या लहान खोलीत बसवा, त्यांचे चित्र मोबाइलवर दाखवा आणि एकेक वाक्य चार-पाच वेळा म्हणवून घ्या. आजी नटी नसतील, तर ओठ पाहून बोलायला सांगू नका. त्यांचेच वाक्य त्यांना ऐकवा आणि लगेच तसेच म्हणायला सांगा.

परंतु माझी खरी सूचना निराळी आहे. ते बोलणे प्रेक्षकाला ऐकू आलेच पाहिजे का, याचा विचार करा. मोटर बंद केल्यावर गिरणी एकदम थांबत नाही. पट्टा आणि दगड आपल्या वेगाने फिरत राहतात, आवाज हळूहळू खाली उतरतो, मग नुसती पट्ट्याच्या सांध्याची टकटक उरते आणि तीही विरळ होत थांबते. तुमच्या गिरणीत याला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. मुलगा आणि आजी गोंगाटात बोलत आहेत, आपल्याला काही कळत नाही, आजी डब्याकडे बोट दाखवतात, मुलाला ऐकू येत नाही म्हणून तो मोटर बंद करतो आणि तो आवाज पूर्ण उतरल्यावर आजींचे एकच वाक्य स्वच्छ ऐकू येते. दोन मिनिटांचा शेवट मला तिथे दिसतो. तसे केलेत तर तुम्हाला एकाच वाक्याचे डबिंग करावे लागेल.

त्यासाठी गिरणी सुरू होण्याचा, चालू असण्याचा आणि थांबण्याचा आवाज वेगवेगळा, मोटरपासून दोन-तीन वेगवेगळ्या अंतरांवरून घ्या. शिवाय सगळे बंद असताना, कोणीही न हलता, गिरणीतील शांतता एक मिनिटभर मुद्रित करा. शांतता जागेगणिक वेगळी असते. गिरणीतल्या शांततेत बाहेरचा रस्ता आणि पत्र्याचा कडकडाट असतो, आणि डबिंगचे वाक्य त्या थरावर ठेवले तरच ते तिथले वाटते. श्रेयनामावलीच्या काळ्या पडद्यावर किल्ल्यांचा खुळखुळाट आधी ऐकवा आणि चित्र नंतर येऊ द्या, त्याने तुमचे काही सेकंदही वाचतील.

रेडिओवरच्या गाण्याविषयी सावध राहा. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, पण गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतात. त्यामुळे गाणे जुने आहे एवढ्यावरून ते मोकळे झाले असे होत नाही. वर्गात दाखवणे वेगळे आणि महोत्सवाला पाठवणे किंवा यूट्यूबवर ठेवणे वेगळे. गावातल्याच कोणा बाईंच्या तोंडून जात्यावरची पारंपरिक ओवी त्यांच्या संमतीने मुद्रित करता आली, तर गिरणीच्या कथेला ती अधिक शोभेल.

मागच्या_वर्षीचा_विद्यार्थी

वरच्या दोन्ही उत्तरांत सगळे आले आहे. मी फक्त गटाच्या कामाबद्दल लिहितो, कारण मागील वर्षी आमचे नुकसान तिथे झाले. आम्ही फुटेज एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवत राहिलो. त्यात चित्राचा दर्जा घसरतो हे मोठ्या पडद्यावर पाहीपर्यंत लक्षात आले नाही, आणि तोवर मूळ फाइली मोबाइलमधून पुसल्या गेल्या होत्या. सर्व मूळ फुटेज दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरी ठेवा.

दुसरे म्हणजे, संगणकावर हात एकाचाच असू द्या. पाच जण मागे उभे राहून सूचना देऊ लागले की कोणताच कट दोन मिनिटे टिकत नाही. संकलन करणाऱ्याने एक पूर्ण आवृत्ती करावी, बाकीच्यांनी ती न थांबवता शेवटपर्यंत पाहावी आणि मग प्रत्येकाने आपले म्हणणे कागदावर लिहून द्यावे. आमच्याकडे या पद्धतीने भांडणे थांबली, कारण पाचपैकी चौघांनी एकाच ठिकाणी कंटाळा आल्याचे लिहिले होते आणि त्यावर वाद घालण्यासारखे काही उरले नव्हते.

गिरणी_गट

ध्वनी ताई, संकलक सर आणि दादा, तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आम्ही परवा चिठ्ठ्या मांडल्या. काल गिरणी दुपारी बंद असताना तिथे जाऊन कुलपाचा शॉट दाराच्या उजेडात घेतला आणि एक मिनिटाची शांतताही मुद्रित केली. मोटर बंद केल्यापासून शेवटची टकटक थांबेपर्यंत आमच्या गिरणीत एकोणीस सेकंद लागतात. आम्ही सगळे उभे राहून ते ऐकत होतो, आणि ज्यांची गिरणी आहे ते काका म्हणाले की इतकी वर्षे इथे काढली, पण हे कधी कान देऊन ऐकले नव्हते.

आजींनी नव्या दृश्यात एकच वाक्य म्हटले : “तुझ्या बापानं दळणाचं पैसं घेतलं न्हाईत तिच्याकडनं कधी.” हे वाक्य आमच्या संहितेत नव्हते. गिरणीत कोणाकोणाचे दळण फुकट व्हायचे, असे आम्ही त्यांना सहज विचारले होते, त्यातून ते आले. यामुळे डबा एका बाईचा आहे, एवढेच कळते आणि प्रश्न आणखी मोठा होतो. नवी आवृत्ती एक मिनिट बावन्न सेकंदांची झाली आहे. तिच्यात रेडिओ नाही, एसटी नाही आणि टाकीवरचा शॉटही नाही. तो शॉट काढल्याचे मी मित्राला स्वतः सांगितले आणि हा धागाही वाचायला दिला.

टाकीवरचा_मित्र

तो शॉट मी घेतला आहे. धागा पूर्ण वाचला आणि नवी आवृत्ती तीनदा पाहिली. कुलपापासून सुरुवात केल्यावर गिरणीत आपणच पाऊल टाकतो आहोत असे वाटते, हे मला मान्य आहे. तिसऱ्या पहाटे धुके घरांच्या कौलांपर्यंत उतरले होते आणि त्यातून फक्त चुलींचा धूर वर येत होता. ते दृश्य पुढच्या सत्रातील पूर्ण लघुपटात कुठे बसू शकेल का, एवढेच मला विचारायचे आहे. नसेल बसत तर तसे स्पष्ट सांगावे.

संकलक_नाशिक

बसेल, आणि सुरुवातीपेक्षा चांगले बसेल. आज प्रेक्षकाला त्या धुरामागची घरे अनोळखी आहेत. लघुपटभर हा मुलगा डबा घेऊन दारोदार फिरेल, तेव्हा कोणत्या घरी ज्वारी दळली जाते, कोणाचे पैसे वडिलांनी घेतले नाहीत आणि कोणत्या घरात आता कोणीच उरलेले नाही, हे प्रेक्षकाला त्याच्याबरोबर कळत जाईल. डबा ज्या घरचा होता ते घर सापडल्यानंतरच्या पहाटे तुमचा शॉट ठेवा आणि त्यातील एका घरातून धूर येत नसेल, तर ते प्रेक्षक स्वतः शोधेल. म्हणून तो शॉट छाटू नका, निदान पंधरा सेकंद अखंड राहू द्या. फुटेज नीट जपून ठेवा आणि टाकीवर पुन्हा एकदाच चढा, कॅमेऱ्यासाठी नव्हे तर ध्वनीसाठी. खाली गिरणी सुरू करायला सांगा आणि ती तितक्या उंचीवरून, तितक्या लांबून कशी ऐकू येते, ते मुद्रित करून आणा. धुक्याच्या शॉटखाली तो आवाज लागेल.